गालिच्यात डोंगर कसा उतरतो

ऑफिसला नवं कार्पेट घालायचं ठरलं आणि कोणी 'काहीतरी निसर्गातलं बघा' म्हणालं, की मिनिटभरात मोबाइल पुढे येतो. फोटो ठरलेले असतात. अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानातला ग्रँड प्रिझमॅटिक हा गरम पाण्याचा झरा, मध्यभागी गर्द निळा आणि कडांना पिवळा-नारिंगी. चीनच्या गान्सू प्रांतातले झांग्येचे पट्टेदार डोंगर. पेरूमधला पाच हजार मीटरहून उंच विनिकुन्का. ऑस्ट्रेलियातलं गुलाबी हिलियर सरोवर. 'हेच जमिनीवर आणा', एवढं सांगून माणूस मोकळा होतो.

अंतर्गत सजावटीच्या कामात असल्यामुळे ही मागणी अक्षरशः पुरवलेली मी एकदा पाहिली आहे. बैठकीच्या खोलीत समुद्रावरच्या सूर्यास्ताचा फोटोच कार्पेटवर छापून घेतला होता. पहिल्या दिवशी सगळ्यांनी कडेला उभं राहून मोबाइलवर तो टिपला. दुसऱ्या दिवशी टेबल आलं, सोळा खुर्च्या आल्या. सूर्य टेबलाखाली गेला, समुद्र खुर्च्यांच्या चाकांखाली गेला आणि दिसायला उरली ती भिंतीकडेची भडक नारिंगी पट्टी. महिन्याभरात त्या खोलीचं नाव 'भट्टी' पडलं. 'दोनची मीटिंग भट्टीत', असं लोक सरळ बोलायचे.

फोटो सुंदर होता, छपाईही चोख होती. पण भिंतीवरचं चित्र आपण समोरून, चौकटीत बघतो. जमीन तशी कधीच दिसत नाही. ती तिरकी दिसते, टेबलांच्या पायांमधून तुकड्यातुकड्यांनी दिसते आणि दिवसाचे आठ तास डोळ्यांच्या कोपऱ्यात बसून असते. कोपऱ्यातली वस्तू सारखी 'माझ्याकडे बघ' म्हणायला लागली की माणूस वैतागतो. त्यामुळे निसर्गातून जमिनीवर देखावा आणून भागत नाही. तो देखावा ज्या हिशोबाने रंगलेला असतो, तो हिशोब आणावा लागतो.

एका टाइलमध्ये किती मावतं

आधी यंत्र काय करू शकतं ते बघू, कारण निम्मे निर्णय तिथेच होतात.

ऑफिसात हल्ली अखंड गालिच्यापेक्षा चौकोनी टाइल्स जास्त घालतात. ५० बाय ५० सेंटिमीटर हे त्यातलं सर्वांत रुळलेलं माप. ही टाइल सहसा विणलेली नसते, टाचलेली असते. टफ्टिंगच्या यंत्रावर सुयांची लांबच लांब रांग असते. प्रत्येक सुई शिलाई मशीनसारखी कापडातून धागा आरपार नेते आणि परत येताना पलीकडे त्याचा एक फास सोडून येते. हा फास म्हणजे लूप. तो तसाच ठेवला की लूप पाइल, टोकाला कापला की मखमलीसारखा कट पाइल. ऑफिसात लूप जास्त टिकतो, खुर्चीच्या चाकांनी लवकर लोळत नाही.

आता जरा गणित. इंचाला १२ सुया आणि १० टाके अशी बारीक टाइल धरू. ५० सेंटिमीटर म्हणजे वीस इंचाला थोडं कमी. रुंदीत साधारण २३६ सुया, लांबीत १९७ टाके. गुणाकार केला की सुमारे ४६ हजार लूप होतात. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. म्हणजे तो फोटो एका टाइलमध्ये बसवायचा तर अडीचशेहून जास्त ठिपक्यांचं काम एका लूपने करायचं. त्यातही फोटोतला ठिपका हव्या त्या रंगाचा असू शकतो, तर लूपला यंत्रावर चढवलेल्या चार-पाच धाग्यांपैकीच एकाचा रंग घ्यावा लागतो. छापील कार्पेटला रंगांची ही अट नसते, पण भट्टीचं काय झालं ते वर आलंच आहे.

चार-पाच धाग्यांत अख्खं माळरान कसं बसवायचं? इथे एक जुनी तक्रार कामी येते. १८२४ मध्ये मिशेल युजीन शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलिन्स या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चित्रणात सावलीसाठी वापरलेलं काळं सूत फिकं, मरगळलेलं दिसतं, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने ते सूत तपासलं तर रंगाईत काहीच खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे डोळ्यालाच तो काळा कमजोर वाटत होता. शेजारी बदलला की रंग बदलतो, हा नियम त्याने पुढे १८३९ मध्ये ग्रंथरूपात सविस्तर मांडला.

कार्पेट डिझायनर आजही याच नियमावर पोट भरतो. एकच राखाडी धागा नारिंगीशेजारी ठेवला की निळसर वाटतो, हिरव्याशेजारी गुलाबीकडे झुकतो. म्हणजे एका धाग्याच्या किमतीत दोन छटा. दुसरी युक्ती पिळाची. एखाद्या चांगल्या टाइलजवळ गुडघे टेकून बसा आणि एकच लूप नखाने उचलून बघा. एक तार शेवाळी निघेल, तिला पीळ देऊन गुंडाळलेली दुसरी मोहरीच्या रंगाची. उभे राहिलात की दोन्ही रंग गायब होतात आणि वाळायला लागलेल्या गवताचा रंग दिसतो. तो रंग त्या टाइलमध्ये कुठेच नाही, तो तुमच्या डोळ्यात तयार झालेला असतो.

डोंगराला रंग कुठून येतो

आता हिशोबाकडे येऊ. मला हा भाग सगळ्यात आवडतो, आणि कॅटलॉगमध्ये नेमका हाच नसतो.

ग्रँड प्रिझमॅटिक झरा शंभर मीटरहून रुंद आहे. मधलं पाणी खोल आणि इतकं गरम, की रंगद्रव्यं बाळगणारे जीव तिथे तग धरत नाहीत. स्वच्छ खोल पाण्याचा निळा तेवढा उरतो. कडेकडे येताना पाणी निवत जातं आणि प्रत्येक तापमानाला मानवणारे सूक्ष्मजीव आपापल्या पट्ट्यात राहतात. त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्यांमुळे हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबूस असे पट्टे दिसतात. थोडक्यात, तो रंगीत नकाशा तापमानाचा आहे. तापमान उडी मारत नाही, म्हणून रंगही उडी मारत नाही. निळ्यापासून तांबड्यापर्यंत जायला त्याला हिरव्या-पिवळ्यातूनच जावं लागतं. कार्पेटमध्ये हाच झरा गंडतो तो नेमका इथे. कोणीतरी निळा आणि नारिंगी हे दोन 'मुख्य' रंग उचलतो आणि मधले कंटाळवाणे रंग खर्च वाचवायला गाळतो. मग झऱ्याऐवजी क्रिकेट संघाची जर्सी दिसते.

पट्टेदार डोंगरांची गोष्ट वेगळी. तिथे कारभार लोखंडाचा आहे. हेमॅटाइट हे लोहखनिज मातीला लाल करतं, गोएथाइट पिवळट-तपकिरी करतं. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये पेंटेड हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथले लाल थर उष्ण, दमट हवामानाच्या काळात तयार झालेल्या प्राचीन मातीचे आहेत. वरवर लाल, पिवळा, तपकिरी असे वेगळे रंग दिसतात, पण ते सगळे एका घरातले आहेत. भावंडांचे चेहरे वेगळे असले तरी नाक एकाच वळणाचं असतं, तसं. म्हणूनच ते एकमेकांशी भांडत नाहीत. डिझायनरने यातून घ्यायचं ते हे: धागे निवडताना प्रत्येकात तोच एक रंग थोडा थोडा मिसळलेला हवा. हिरव्यातही किंचित तांबूसपणा, राखाडीतही किंचित तांबूसपणा. तशी जुळणी झाली की मग एखादा धागा जरा धीट घेतला तरी चालतो.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. फुलांनी डवरलेल्या माळाचा फोटो मोबाइलवर इतका लहान करा की त्याचे दहा-बारा चौकोनच उरतील. फुलं नाहीशी होतात. उरतो तो मळकट हिरवा, मातकट, थोडा राखाडी. माळ फुलांचा वाटतो, पण तो बनलेला असतो गवत, माती आणि सावलीचा. फुलं वरून भुरभुरलेली असतात. शिवाय प्रसिद्ध ठिकाणांच्या फोटोंत रंग बरेचदा वाढवलेले असतात, हेही लक्षात ठेवायला हवं. माझा ढोबळ अंदाज असा, की दहा लूपमध्ये एक भडक लूप पुष्कळ झाला. दोन केले की लोक कार्पेटबद्दल बोलायला लागतात. तीन केले की तक्रार करायला लागतात.

पाचोळ्याचा धडा

कार्पेट टाइलच्या जगात निसर्गाकडून खरोखर काही शिकल्याचं उदाहरण द्यायचं तर इंटरफेस या अमेरिकी कंपनीचं द्यावं लागतं. रे अँडरसन यांनी ती १९७३ मध्ये सुरू केली आणि १९९४ च्या सुमारास, आपला धंदा पृथ्वीला ओरबाडतो आहे असं वाटून तिची दिशा बदलायला घेतली. जॅनीन बेन्यस यांनी १९९७ च्या पुस्तकातून 'बायोमिमिक्री', म्हणजे निसर्गाची रीत उचलण्याचा विचार लोकांपुढे आणला होता. तो धागा पकडून इंटरफेसचे डिझायनर डेव्हिड ओकी यांनी आपल्या माणसांना रानात पाठवलं. पानाफुलांची चित्रं काढायला नव्हे. निसर्ग जमीन कशी 'अंथरतो' ते बघायला.

त्यांना दिसलं ते असं, की रानातल्या जमिनीचे कुठलेही दोन तुकडे सारखे नसतात, तरी सगळी जमीन एकसंध वाटते. एखादी फांदी इकडची तिकडे पडली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यातून २००० मध्ये 'एन्ट्रॉपी' ही टाइल आली. प्रत्येक टाइलवरची नक्षी आणि छटा थोडी वेगळी, आणि कुठलीही टाइल कुठल्याही दिशेने घातली तरी चालते.

यात एवढं विशेष काय, हे कळायला साधी टाइल कशी घालतात ते बघावं लागेल. टाइल उलटी केली की मागे एक बाण छापलेला असतो. लूप एका बाजूला किंचित कललेले असतात, म्हणून टाइल फिरवली की तीच टाइल गडद किंवा फिकी भासते. सगळे बाण एका दिशेला ठेवले तर जमीन सलग दिसते. एकाआड एक टाइल पाव वळण फिरवली तर एकाच रंगातून बुद्धिबळाचा पट उमटतो. सलग मांडणीत कारागिराच्या हातून एक बाण चुकला तरी खोलीच्या मधोमध चौकोन उठून दिसतो. त्यात रंगाईच्या वेगवेगळ्या लॉटमध्ये सूक्ष्म फरक असतो. तीन वर्षांनी कॉफी मशीनपुढची टाइल खराब झाली आणि नवीन बसवली, की ते ठिगळ वाटतं.

पाचोळ्याच्या रीतीने केलेल्या टाइलला यातला एकही त्रास नाही. बाण बघायचा नाही, लॉट मिसळले तरी बेहत्तर, भिंतीकडेला कापून उरलेला तुकडा दुसऱ्या कोपऱ्यात बसतो, त्यामुळे माल कमी वाया जातो. कपाटाखालची कोरी टाइल काढून कॉफी मशीनपुढे घालता येते आणि तिथली जुनी कपाटाखाली जाते. त्या टाइलवर एकही पान काढलेलं नसतं, तरी निसर्गावर बेतलेल्या कार्पेटचा मला ठाऊक असलेला सर्वांत अस्सल नमुना तोच.

शांत वाटतं, हे खरं का?

विक्रेत्याच्या सादरीकरणात या ठिकाणी 'बायोफिलिया' हा शब्द येतो. जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९८४ मध्ये तो गाजवला: माणसाला सजीव सृष्टीची उपजत ओढ असते, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी रॉजर उलरिक यांचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

संशोधन चांगलंच आहे. पण ती खिडकी होती आणि बाहेर खरी झाडं होती. तेवढ्यावरून हिरव्या कार्पेटने कर्मचाऱ्यांचा ताण उतरतो असं सांगणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. जरा जवळचा धागा फ्रॅक्टलचा आहे. ढग, फांद्या, किनारे यांत मोठ्या आकारातच तसाच लहान आकार दडलेला असतो, त्यात आणखी लहान. फार सोपी नाही आणि फार गुंतागुंतीची नाही, अशी मधली रचना पाहायला लोकांना बरी वाटते, असं या विषयावरचे प्रयोग सुचवतात. ओरेगन विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टेलर यांनी यावर बरंच काम केलं आहे आणि जमिनीच्या नक्ष्यांसाठीही ते वापरलं आहे. मला यातलं एवढं पटतं, की काटेकोर चौकड्यांपेक्षा लहानमोठ्या डागांची विखुरलेली नक्षी दिवसभर बघवते.

कार्पेट निःसंशय काय करतं ते वेगळंच आहे: पावलांचा आणि खुर्ची सरकवण्याचा आवाज गिळतं. उघड्या हॉलमध्ये बसून काम करणाऱ्याला याची किंमत विचारा. खिडकी बंद करून, कुंड्या हलवून त्या बदल्यात जंगलाच्या नक्षीचं कार्पेट देणारं ऑफिस मात्र सरळ फसवणूक करतं आहे.

जिथे निसर्गाची नक्कल करू नये

निसर्गातल्या काही गोष्टी जमिनीवर आणणं धोक्याचंही असतं. गडद डाग फिक्या जमिनीवर एकटा असला तर कमी दिसणाऱ्या माणसाला तो खड्डा वाटू शकतो. आडवा ठळक पट्टा पायरीसारखा भासतो. निळ्या चमकदार लाटांवर लोक ओलं समजून जपून पाय टाकतात. काळ्या-पांढऱ्या दाट रेघांनी काहींचं डोकं दुखतं. म्हणून कार्पेटच्या तपशिलात एलआरव्ही हा आकडा बघावा. पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो ते तो सांगतो: पूर्ण काळ्याला ०, पूर्ण पांढऱ्याला १००. ऑफिसच्या जमिनीला साधारण २० ते ४० च्या आसपासचा आकडा सोयीचा पडतो. त्याखाली गेलं की खोली अंधारते आणि दिवे वाढवावे लागतात. शेजारशेजारच्या टाइल्समध्ये हा आकडा फार बदलू नये. जमीन आणि भिंत यांच्यात मात्र ठळक फरक हवा, म्हणजे खोली कुठे संपते ते कळतं.

येण्याजाण्याच्या वाटेवर मातीचे मिश्र रंग घालावेत, धूळ त्यात मुरते. वाळूसारखा फिका सलग रंग चहाचा एक थेंब लपवत नाही, आणि सलग काळा तर कापसाचं तूसही चव्हाट्यावर आणतो. रंग टिकण्याचं म्हणाल तर एकच प्रश्न विचारा: धागा सोल्यूशन डाइड आहे का? म्हणजे धागा तयार होण्याआधी, वितळलेल्या नायलॉनमध्येच रंग मिसळला आहे का? तसा धागा गाजरासारखा असतो, कुठेही कापा, आतून तोच रंग. नंतर रंगवलेला धागा लाल मुळ्यासारखा, साल गेली की पांढरा. खिडकीकडेला उन्हात आणि जोरकस सफाईत हा फरक काही वर्षांत उघडा पडतो.

शेवटचं सांगणं नमुन्याबद्दल, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. शेवाळी रंगाचा एक नमुना मी खिडकीशी उभा राहून, हातात धरून पसंत केला. तळघरातल्या हॉलमध्ये पिवळसर एलईडी दिव्यांखाली तोच चक्क चिखलाचा रंग दिसायला लागला. दिवा बदलला की धाग्याचा रंग बदलतो, आणि दोन धागे एका दिव्यात जुळले म्हणून दुसऱ्यात जुळतीलच असं नाही. तेव्हापासून मी निदान चार टाइल्स मागवतो, ज्या खोलीत घालायच्या तिथेच जमिनीवर ठेवतो, दिवे लावतो आणि बूट घालून त्यावरून चालतो. मग खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघतो. टाइलची आठवण यायला लागली तर नमुना परत.

भट्टीचं कार्पेट अखेर बदललं. या वेळी सूर्य बुडाल्यानंतरची ओली वाळू घेतली: राखाडी, त्यात जांभळट झाक, आणि मधेच कुठेतरी नारिंगी तारेचा पीळ. तो सूर्यास्त आहे हे सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही, आणि सांगायची वेळही अजून आलेली नाही. खोलीचं नाव मात्र भट्टीच आहे.